सर्दीतला आठवडा: दुपटं, मोडी आणि हुलग्याचं माडगं

सुईदोरा

भाद्रपदात साताऱ्याची हवा रोज तीन रूपं दाखवते. पहाटे धुकं, दुपारी चटका, संध्याकाळी पुन्हा सर. घरोघरी नाकं वाहताहेत, त्यात माझंही. ताप नाही, पण घसा खवखवतोय, डोकं जड आहे, डोळ्यांना धार लागलीये. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण गरोदर आहे, तिला हे द्यायचं नाही म्हणून रजा टाकली.

सर्दीवरची औषधं आणि काढे सगळेच सांगतात. दिवसभर करायचं काय, यावर कुणी फारसं बोलत नाही. आडवं झालं की नाक चोंदतं, उठून बसलं की डोकं चालत नाही, मोबाइल बघावा तर डोळे चुरचुरतात. मी सध्या दोन कामं जवळ घेऊन बसले आहे. भाचीच्या बाळासाठी दुपटं शिवतेय, आणि मोडीचा, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीचा, अभ्यास चाललाय, कारण तिची परीक्षा जवळ आलीये.

दुपट्याचं आधी सांगते. आईच्या जुन्या सुती साड्या वर-खाली, मध्ये बाबांचं मऊ झालेलं धोतर. सगळं धुऊन, खळ पूर्ण काढून, उन्हात वाळवून ठेवलं होतं. जमिनीवर थर पसरले, सुरकुत्या हाताने कडेला सारल्या, कोपऱ्यांवर वजनाला पितळी तांबे ठेवले आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घेतलं. वाकून करायचं काम तेवढं एकच. नाक वाहत असताना खाली वाकवत नाही, म्हणून सर्दी भरायच्या आत ते उरकलं. पुढचं सगळं भिंतीला पाठ टेकून, मांडीवर घेऊन. कडेपासून सुरुवात, मग बोटभर अंतर सोडून आत आत चौकटी, मध्यापर्यंत. सुईवर चार-पाच टाके घ्यायचे, अंगुस्तानाने सुई रेटायची, दोरा ओढायचा, कापड अंगठ्याने सरळ करायचं. डोळे पाणावले तरी बोटांना कळतं. तिन्ही थर सुईत आले की सुई जरा अडते. खालचं कापड सुटलं असेल तर सटकन पुढे जाते.

आता मोडी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: आधी ओळभर शिरोरेषा आखतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एखादा शब्द या ओळीच्या टोकाला सुरू होऊन पुढच्या ओळीत संपतो. ठणठणीत असतानाही पत्राचा मधला मजकूर लावायला वेळ लागतो. सर्दीत तो लागतच नाही, आणि ओढूनताणून लावला तर चुकीचा लागतो. चुकीचं वाचलेलं वळण एकदा नजरेत बसलं की निघता निघत नाही. म्हणून या आठवड्यात मी फक्त मायने आणि शेवट वाचतेय. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना ऐसीजे', 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', आणि शेवटाला 'बहुत काय लिहिणे', 'लोभ असो दीजे हे विनंती'. शब्द आधीच पाठ असल्यामुळे अर्थामागे धावावं लागत नाही, नजर नुसती वळणावर राहते. या लेखकाने 'र' पुढच्या अक्षरात कसा मिसळलाय, काना कुठून फिरवलाय, हे दिसायला लागतं. निरनिराळ्या हातांचे तेच मायने एकाखाली एक मांडले की हात ओळखीचे होतात, आणि पुढे मजकूर वाचताना तीच ओळख उपयोगी पडते.

तुम्ही अशा दिवसांत काय करता? हाताचं काम, अभ्यास, खाणं, सगळं लिहा.

कानघसा

चांगला धागा. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून नाकाबद्दल थोडं लिहितो.

साध्या सर्दीला दोनशेहून जास्त विषाणू कारण होऊ शकतात, त्यांत ऱ्हायनोव्हायरसांचा वाटा सगळ्यात मोठा. चाल बहुतेकांत सारखीच असते. आधी घसा, मग पाण्यासारखं नाक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, पुढे शेंबूड घट्ट होतो आणि ७ ते १० दिवसांत माणूस मोकळा होतो. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की लोक घाबरून अँटिबायोटिक मागतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक घेऊ नये. विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतात, त्याही घेऊ नका. हे मी रोज सांगतो आणि सांगत राहणार.

सुईदोरा, तुमच्या अभ्यासाशी संबंधित एक गोष्ट. सर्दीच्या अनेक गोळ्यांत जुन्या प्रकारचं अँटिहिस्टामिन असतं, त्याने गुंगी येते. ती घेऊन वाचायला बसलात तर दोष मोडीचा नाही. रात्री घ्या. त्याच गोळीत बहुधा पॅरासिटामॉलही असतं, म्हणजे वर अंगदुखीसाठी वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. पाकिटावरची नावं वाचा. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. वाफ घेतल्याने बरं वाटतं, पण उकळत्या पातेल्यावर वाकल्यामुळे भाजलेली माणसं, विशेषतः मुलं, मी पाहिली आहेत. लहान मुलांना तशी वाफ देऊच नका.

ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, धाप लागली, कान दुखायला लागला, चेहऱ्याच्या एकाच बाजूला ठणका आला, किंवा बरं वाटत असताना पुन्हा बिघडलं, तर दाखवा. आणि हे दिवस डेंग्यूचे आहेत. नाक वाहत नाही पण ताप जोरात आहे, अंग मोडून येतंय, डोळ्यांमागे दुखतंय, तर ती सर्दी समजून घरी बसू नका आणि ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

दुपटं शिवून झालं की बाळाकडे द्यायच्या आधी धुऊन कडक उन्हात वाळवा. हे विषाणू वस्तूंवर काही तास टिकतात, धुण्याने आणि वेळ गेल्याने प्रश्न मिटतो. बाळ झोपलेलं असताना दुपटं अंगाखाली घाला, तोंडावर येईल असं सैल पांघरूण नको. आणि बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नका, सर्दी असली तरी. बॉट्युलिझमचा धोका असतो.

नऊवारी

सुईदोरा, पोरी, आधी गरम काहीतरी पी आणि मग सुई हातात घे. मी बेळगावची, आमच्याकडे वाकळ म्हणतात. सासूबाईंकडून शिकले आणि आता सुनेला शिकवतेय.

तू सुती साड्या घेतल्यास हे फार बरं केलंस. हल्ली लोक टेरिकॉट, जॉर्जेट काय वाट्टेल ते घालतात. ते कापड सरकतं, घाम टिपत नाही, आणि दोन धुण्यांत आतला थर गोळा होतो. बाळाच्या अंगाखाली तर जुनं सुतीच हवं. नवं कापड घातलंच तर आधी एकटं धुऊन बघ, रंग सोडत असेल तर वापरू नकोस. दोरा फार ओढू नकोस, टाक्याभोवती कापड चुणतं. आणि कोपऱ्यावर येशील तेव्हा टाका लहान घे, वाकळ फाटते ती आधी कोपऱ्यात.

आमच्या खालच्या अंगाला, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे जोडत कोपऱ्यापासून आत येतात, त्यातले कित्येक तुकडे शिवता शिवता ठरतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात, ती लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. दुपट्याला एक तरी तसं फूल लावून बघ, पण टाके घट्ट घाल, बाळं ओढतात.

खायचं: हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ गार पाण्यात कालवून घे, गाठी राहू देऊ नकोस. गुळाचं पाणी उकळलं की त्यात सोड आणि ढवळत राहा. चमच्याला धरायला लागलं की सुंठ आणि तूप. नाकाला वास येत नसला तरी सुंठ घशाला लागते.

सुईदोरा

नऊवारी काकू, हुलग्याचं पीठ घरात आहे, आजच करते. कवंदीच्या फुलाचं मला माहीतच नव्हतं. आईच्या साडीच्या काठाचा तुकडा उरलाय, त्याचंच करेन.

डॉक्टर, मनापासून आभार. मधाचं भाचीला आत्ताच कळवलं, तिच्या घरी चाटवायची पद्धत आहे.

वऱ्हाडी_अभ्यासू

ताई, वाचायला छान वाटलं, पण आमच्यासारख्यांचं काय? एमपीएससीची पूर्वपरीक्षा डोक्यावर आहे. अकोल्यात खोलीवर राहतो, मेसचं जेवण, दोन दिवसांपासून सर्दी. रूममेट वाचतोय आणि मी पडून आहे. रोज एवढी पानं मागे पडताहेत की झोपही लागत नाही.

सुईदोरा

झोप आधी घे. रूममेटची पानं मोजू नकोस.

आणि वाचन होत नसेल तर भूगोल हाताने कर. कोरा कागद घे आणि एकच नदी काढ. मी कृष्णेकाठची, म्हणून कृष्णा सांगते. महाबळेश्वरहून निघाली, माहुलीला वेण्णा मिळाली, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. रेघ ओढ, संगमावर टिंब, गावाचं नाव. मग कागद उलटा करून पुन्हा काढ. उद्या भीमा, परवा तुझ्या जवळची पूर्णा. पुस्तक उघडायची गरज नाही, एकदा नकाशा ताडून बघितलास की झालं. राज्यघटनेतली कलमं आणि अर्थशास्त्र डोकं हलकं झाल्यावर. ते आत्ता वाचलंस तरी पुन्हा वाचावं लागेल, मग तेवढा वेळ झोपलेलं काय वाईट?

कानघसा

यात भर: मेसमधून गरम पाणी भरून आण, पाणी पीत राहा. आणि रूममेटचाही हात लागतो तिथे, म्हणजे दाराची कडी, चार्जर, पाण्याचा जग, हात धुऊनच लाव. सर्दी शिंकेइतकीच हातांनीही पसरते.

मुकाखांब

मी क्रोशावाली. सर्दीत क्रोशाचे गोल रुमाल हाती घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. गोलात दर फेरीला खांब वाढवायचे असतात, मोजणी एकदा चुकली की कड झालरीसारखी उचलते किंवा वाटीसारखी आत येते, आणि ते दोन फेऱ्या पुढे गेल्यावर लक्षात येतं. मग सगळं उसवा. अशा दिवसांत मी चौकोन करते. तीन खांबांचा एक गट, कोपऱ्यात दोन गट आणि मध्ये साखळ्या. मोजायची गरज नाही, खालच्या फेरीत जिथे खिडकी दिसते तिथे गट घालायचा. सुटे चौकोन साठत जातात, जोडकाम बरं वाटल्यावर.

लोकर नको, सुती दोरा घ्या. लोकरीची तूस नाकात जाऊन शिंका वाढतात.

सुईदोरा, मोडीचा अभ्यास का सुरू केलात? नुसती हौस की काही काम?

सुईदोरा

दोन्ही. आजोबांच्या ट्रंकेत खरेदीखतं आहेत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवायचे, आजोबा सही मोडीत करायचे. एका पिढीत सगळं बंद झालं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा तालुक्याच्या गावी मोडी वाचणारा माणूस शोधत लोक फिरत होते, ते डोळ्यांनी पाहिलं. कागद घरात असून आपल्याला तो वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा ठरवलं.

मोडीवेडा

मायन्यांवर थांबायची तुमची कल्पना पटली. मी नवशिक्यांना हेच सांगतो, फक्त सर्दीची वाट न बघता.

तुमच्या धावदोऱ्याबरोबर एक पाठांतर जमेल. पेशवेकालीन कागदावरची सालं आकड्यात नसतात, अरबी संख्यानामांत असतात. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर: हे एक ते दहा. मग दशक: अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. दोरा ओढताना एक शब्द, पुढच्या ओढीला पुढचा. हे कळायला डोकं लागत नाही, जिभेवर बसावं लागतं, आणि जिभेवर बसायला वेळ लागतो. तो वेळ आत्ता तुमच्याकडे आहे.

सांगताना एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या वर्षीच्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असतं. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (त्या काळच्या कागदपत्रांत वापरायची कालगणना) ११६१. यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६००. बरोबर १७६१. महिना आणि तारीख मात्र हिजरी चांद्रमासाची, ती 'छ' लिहून देतात, छ म्हणजे चंद्र.

सराव कागदावर बोरूने किंवा कटनिबने करा. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे आणि फाँटही मिळतात, पण फाँटमधलं अक्षर नेहमी एकसारखं येतं, हाताचं तसं येत नाही. चिटणिसी वळण आणि बिवलकरी वळण यांतला फरक स्वतः लिहून बघितल्याशिवाय समजत नाही. पुण्यात असलात तर भारत इतिहास संशोधक मंडळात जा, १९१० पासून ती मंडळी हेच काम करताहेत. शासनाचं पुराभिलेख खातंही मोडीचे वर्ग घेतं.

कावेरीकाठ

तंजावूरहून लिहितोय. मोडीचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. व्यंकोजीराजांपासून इथे मराठी दरबार होता आणि कारभाराचे कागद मोडीत लिहिले जात. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचे ढीग आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी ग्रंथालय केवढं वाढवलं ते सर्वांना माहीत आहे, पण मोडी दप्तराबद्दल महाराष्ट्रात फार कमी बोललं जातं. त्या कागदांत गावांची नावं येतात ती तिरुवैयारू, मन्नारगुडी, ओरत्तनाडू. मायना पुण्यासारखा आणि मजकुरात तमिळ गाव, तिथे पुण्यात शिकलेला वाचकही अडखळतो. इकडे मोडी वाचणाऱ्या माणसांची गरज फार आहे. परीक्षा झाली की या बाजूचाही विचार करा.

आमच्या घरी सर्दीला मिरे-जिरे कुटून घातलेलं चिंचेचं सार आणि मऊ भात. मिरे ताजे कुटलेले हवेत, डब्यातली पूड नाही.

वऱ्हाडी_अभ्यासू

ताई, कृष्णा पाठ झाली. तापी आणि पूर्णाही काढली. रूममेटही आता कागद घेऊन बसलाय, त्याला वैनगंगा येत नव्हती. काल रात्री झोप लागली.

नऊवारी

शाबास. आता आईला फोन कर आणि बरं आहे म्हणून सांग.

सुईदोरा

डोकं आज बरंच हलकं आहे. दुपट्याचा मध्य जवळ आलाय आणि काठाचं फूल एका कोपऱ्याला लावलं. काकू, घडी आतून दोनदा टाचली आहे, ओढून बघितली, हलत नाही.

मोडीवेडा, एक सरावाचा कागद आहे, वर्गात मिळालेली छायाप्रत. मायना आणि शेवट लागला. तारीख मी अशी वाचतेय: 'छ ११ जमादिलावल, सन खमस मयातैन व अलफ'. पाच, दोनशे, हजार, म्हणजे १२०५. दशक नाहीच, हे बरोबर आहे का? मजकुरात 'धारण' हा शब्द दोनदा आहे आणि त्याच्या पुढे आकडे.

मोडीवेडा

बरोबर. दशक शून्य असलं की ते लिहीतच नाहीत. १२०५ चा जमादिलावल ऑगस्टात पडतो, म्हणजे मृगानंतरचा, म्हणून ५९९ मिळवा: ऑगस्ट १८०४. दख्खनेत तेव्हा दुष्काळ आणि फौजांची लूट या दोन्हींनी माणसं हैराण होती. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, तेव्हा पुढचे आकडे जपून वाचा, रुपयाला किती शेर हे तिथे असणार. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हे लक्षात असू द्या. आकडे लागले की पहिल्या चार ओळी इथे लिहा, आपण मिळून ताडून बघू.